काटेबाईंचा साक्षीदार

काटेबाई वजन करायला बसल्या की शेडमधल्या सगळ्यांनी श्वास रोखून धरायचा, असा दंडक होता. त्या काळ्या लाकडी पेटीतून काटा काढत, दोन्ही पारडी पदराच्या टोकाने पुसत, दार-खिडकी लावून घेत आणि मग एकदा वळून आमच्याकडे बघत. तेवढं बघणं पुरे असे. आम्ही सगळे गाल फुगवून उभे. एकदा डिव्हिजनचे मोठे साहेब पाहणीला आले आणि नेमकं त्याच वेळी त्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. बाईंनी मान वर न करता नुसता तळहात वर केला. साहेब बिचारे लालबुंद होईपर्यंत थांबले. काटा स्थिरावल्यावर बाई म्हणाल्या, "आता घ्या जी साहेब श्वास. काटा खोटं नाई बोलत, पण माणूस त्याच्या कानात फुंकर मारते ना!"

काटेबाई म्हणजे आमच्या डेपोवरच्या फॉरेस्ट गार्डाची बायको आणि चांद्याच्या एका सोनाराची एकुलती एक लेक. खरं नाव वेगळं होतं, पण काटा घेऊन शेडमध्ये आल्यापासून ते कोणी घेतलं नाही. पन्नास सालानंतरची ती पहिली वर्षं. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच, म्हणजे आजचं चंद्रपूर. आलापल्लीकडून सिरोंच्याला जाणाऱ्या रस्त्याच्या आत, सागाच्या दाट जंगलात आमचा लाकडाचा डेपो होता आणि त्यात गाड्यादुरुस्तीची ती शेड. नागपूरला सुतारकाम शिकून मी तिथे ओव्हरसियर म्हणून गेलो, तेव्हा माझा समज असा होता की दिवसा गाड्यांची चाकं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी कंटाळा करायचा. कंटाळा करायला सवडच मिळाली नाही.

डेपोच्या अलीकडे एक लांब उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी नाला. जंगलातून येणारा प्रत्येक ओंडका त्या उतारावरून उतरायचा. लांब ओंडके पुढच्या आणि मागच्या अशा दोन चाकजोड्यांवर बांधत, पुढे बैलजोडी. वेग आवरायला मागच्या चाकाच्या लोखंडी धावेवर एक लाकडी ठोकळा दोरीने आवळून दाबायचा, तोच गाडीचा ब्रेक. हा ठोकळा कशाचा असावा, याला काही धरबंध नव्हता. ज्याला वाटेत जे लाकूड सापडेल ते त्याने ठोकावं. अर्ध्या उतारावर ठोकळा झिजून संपला, की मागचं सगळं ओझं बैलांच्या अंगावर.

लालसू नावाच्या आमच्या एका गाडीवानाचा बैल आदल्या हंगामात असाच गाडीखाली सापडला होता. लालसू आतल्या एका गावचा माडिया, उंच, काटक, मराठी मोडकंतोडकं पण बिनधास्त बोलणारा. त्या बैलाबद्दल मात्र तो अवाक्षर काढत नसे. त्याने दुसरा बैल आणला, तांबड्या रंगाचा, अजून पुरता न भरलेला. पावसाळ्यात गाड्या बंद असतात, म्हणून लालसू शेडमध्ये हातकामाला यायचा आणि तो तांबडा बैल बाहेर झाडाला बांधलेला असायचा. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की याच कोवळ्या बैलाला उतारावर जुंपायचं होतं.

वरून हुकूम आला होता की हंगामापूर्वी तपासणी करून ठोकळ्यासाठी एकच लाकूड ठरवा, म्हणजे सगळ्या डेपोंना तेच लागू करता येईल. मी जुनं चाक दोन खांबांमध्ये टांगलं आणि त्याला फिरवायला दांडा बसवला. वेगवेगळ्या लाकडांचे, सुपारीहून थोडे मोठे ठोकळे कापले. ठोकळा धावेला टेकवायचा, त्याच्यावर दर वेळी तोच धोंडा टांगायचा, वरून भोकाच्या डब्यातून ओली वाळू पडू द्यायची आणि चाक फिरवायचं. फेरे सगळ्यांना सारखे. घासण्याआधीचं वजन आणि नंतरचं वजन यांतला फरक म्हणजे झीज. कागदावर हे इतकं सोपं होतं की मी स्वतःवरच खूश होतो. घोडं अडलं ते वजनापाशी. डेपोच्या तराजूला माझे ठोकळे चढले काय नि उतरले काय, पत्ताच नव्हता.

तेव्हा गार्डभाऊ हळूच म्हणाले, "आमच्या सासऱ्याकडे काटा आहे." हा मनुष्य विलक्षण अबोल. त्या महिन्यातलं त्यांचं ते सर्वांत मोठं भाषण असावं. काटा आला, पण काट्याच्या पेटीवर हात ठेवून बाईही आल्या.

"काटा पाह्यजे असन तर संगं मी येईन," त्या म्हणाल्या. "बापाचा काटा मी परक्याच्या हाती देत नाई."

"बाई, सरकारी काम आहे हे," मी जरा रुबाब केला.

"मंग सरकारले सांगा, श्वास घरी ठेवून ये मनाव."

असा आमचा कारभार सुरू झाला. आम्ही झीज मोजायचो गुंजांत, सोन्यासारखी. जंगलात गुंजेचे वेल पुष्कळ. लालसूने एकदा ओंजळभर लालभडक गुंजा आणून बाईंपुढे ठेवल्या. बाईंनी त्या कौतुकाने घेतल्या आणि शेजारणीच्या पोरींना खेळायला देऊन टाकल्या. "जंगलातली एक गुंज दुसरीसारखी नसते," म्हणाल्या, "बापाची पितळेची वजनं आहेत, तेच चालतीन." स्वतःच्या अंगावर मात्र सोन्याचा कण नसे. कोणी विचारलं तर सांगायच्या, "पोरपणापासून मोजून मोजून मन भरलं माह्यं. आता घालून काय करू?" मोहाचं लाकूड त्यांनी घासायलाच घेऊ दिलं नाही. ज्याची फुलं सगळा मुलूख खातो त्याला घासून बघायचं नाही, आणि तो विषय तिथेच संपला.

पहिली फजिती आषाढात झाली. चांगला घासलेला ठोकळा काट्यावर ठेवला, तर तो आधीपेक्षा जड भरला. मी पुन्हा घासला, उन्हाची तिरीप आली तशी वाळवला, पुन्हा जड. सुतार तोंडाला पंचा लावून हसायला लागले. लालसू गंभीरपणे म्हणाला, "मंग जंगल कायले तोडता भाऊ? एकच लाकूड घासत बसा, वाढते ना ते!"

बाई हसल्या नाहीत. ठोकळा नाकाशी धरून त्यांनी त्याचा वास घेतला. "पाणी पेलं त्यानं," त्या म्हणाल्या. "वाळूचं बी पेलं, हवेतलं बी पेलं. आता तो झिजला किती अन् पेला किती, हे त्याले एकट्याले इचारून कसं समजन?" मग खुंटीवरचा पंचा काढून घाम पुसत त्यांनी सांगितलं, "एका फळीचे दोन भाऊ कापा. एकाले घासा. दुसऱ्याले घासू नका, नुसतं संगं ठेवा. भिजवा दोघाले, वाळवा दोघाले, तोला दोघाले. दुसऱ्यानं जेवढं पाणी पेलं तेवढं पह्यल्यानं बी पेलं असन. तेवढं काढून टाका, उरली ते झीज. दुसरा हा आपला साक्षीदार."

तेव्हापासून आमच्या शेडमध्ये साक्षीदाराशिवाय एकही ठोकळा घासला गेला नाही. आज मोठमोठ्या प्रयोगशाळांत नुसता सोबत ठेवलेला असा तुकडा मी पाहतो, तेव्हा माझी छाती उगाचच फुगते. त्या लोकांना त्यांच्या पुस्तकांनी सांगितलं असेल. आम्हाला काटेबाईंनी सांगितलं.

पुढे या साक्षीदाराने सगळ्या डेपोचा जीव खाल्ला. बाई त्याला शेडबाहेरही हिंडवू लागल्या. डेपोवर एक कंपाउंडर होते. तापावर आपलं तांबडं औषध रामबाण आहे, असं ते ओट्यावर बसून सांगत. बाईंनी शांतपणे विचारलं, "अन् ज्याले नाई देलं त्याचा ताप किती दिवसानं उतरला?" कंपाउंडर म्हणाले, "नाही दिलं त्याचं मी कशाला बघू?" "मंग तुमचा साक्षीदारच नाई जी," असं म्हणून बाई उठल्या. कंपाउंडर त्या दिवसापासून बाई येताना दिसल्या की बाटल्या मोजायला आत जात.

पण हात तर त्यांचेही माणसाचेच. आमची वाळू नदीच्या एकाच वळणावरची, धुतलेली, एकाच चाळणीतून चाळलेली. पूर येण्याआधीच वर्षभराची आणून ठेवली होती. शेड गळायची, म्हणून ती बाईंच्या स्वयंपाकघरात माठात भरून ठेवली. नागपंचमीला चुलीवर भाजणं-तळणं करायचं नाही, म्हणून आदल्या दिवशी घरोघरी लाह्या भाजतात, आणि त्या भाजायला लागते वाळू. इतकी स्वच्छ, एकसारखी वाळू घरात असताना कोणती बाई नदीवर जाईल? बाईंनी सरकारी वाळूत मनसोक्त लाह्या भाजल्या. फुटाण्यांना तेल-हळद-मिठाचा हात लावून तेही भाजले. आणि मग सगळी वाळू चाळून, कणही न सांडता, प्रामाणिकपणे माठात परत भरली.

पंचमीनंतर सगळी लाकडं एकाएकी शहाणी झाली. पळसासारखं मऊ लाकूडसुद्धा झिजेना. चाक फिरू लागलं की शेडभर फुटाण्यांचा खमंग वास सुटायचा. लालसू म्हणाला, "बाई, चाकाले भूक लागली वाटते." बाई डब्याजवळ गेल्या, चिमूटभर वाळू बोटांत चोळली, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"म्याच केलं हे," त्या मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं. "लाह्या भाजल्या न् वाळूले तेल पाजलं. मले वाटलं, वाळू काय खाल्ली थोडीच, परत टाकली ना!"

मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाई, वाळूचा साक्षीदार ठेवला होता का?"

त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. मग त्या खो खो हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तेव्हापासून प्रत्येक नव्या वाळूतली एक मूठ वेगळ्या गाडग्यात झाकून राहू लागली, आणि एकदा वापरलेली वाळू पुन्हा वापरायची नाही हा नियम झाला. कारण त्या निमित्ताने आम्ही भिंग लावून पाहिलं, तर नुसत्या घासण्यानेही वाळूच्या कडा बोथट झालेल्या होत्या. घासणाराही झिजतो, हे तोवर कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पण नदी तर दुथडी भरलेली. पूर उतरून वाळू उघडी पडेपर्यंत आम्ही हात चोळत बसलो, आणि सगळी तपासणी नव्याने करता करता दिवाळी तोंडावर आली. निकाल मात्र स्वच्छ लागला. सगळ्यांत कमी झिजलं ते धावड्याचं लाकूड. बाकीची त्याच्या आसपासही नव्हती. कितीदाही घासा, तेच उत्तर. मी अहवाल पाठवला, साहेबांनी धावडा तोडायला माणसं लावली, गाडीवान खूश झाले. धावड्याच्या मजबुतीबद्दल कोणाच्याच मनात किंतु नव्हता. साहेब स्वतः येऊन शेडचं कौतुक करणार, असा निरोप आला. बाईंनी त्यासाठी शेड सारवून घेतली.

साहेब यायच्या आधीचा दिवस. शेवटचे काही ठोकळे खात्रीसाठी घासायचे होते. लालसू दांड्याला उभा, बाई बाजूला अडकित्त्याने सुपारी कातरत बसलेल्या. मी बिज्याचा, म्हणजे बिवळ्याचा, ठोकळा लावायला घेतला तर लालसू कुरकुरला, "बिजा नोको भाऊ. हात तोडून टाकते बिजा. धावडाच लावा. धावडा कसा भुरभुर फिरते, झोप लागते मले."

अडकित्ता थांबला.

"काय मनला रे?" बाईंनी विचारलं.

"धावडा हलका फिरते मनलो. बिजा धरून ठेवते."

बाई उठल्या. पदर खोचला, लालसूला बाजूला केलं आणि स्वतः दांडा फिरवून पाहिला. आधी बिजा, मग धावडा. धावड्याचा ठोकळा काढून त्यांनी उजेडात धरला. त्याचं घासलेलं तोंड आरशासारखं चकाकत होतं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "ओव्हरसियरभाऊ, जो ठोकळा आपल्या हाताले सोपा, तो गाडीले कसा आवरन?"

धावडा झिजत नव्हता, कारण तो धरतच नव्हता. तो नुसता घसरत होता. आम्ही इतके महिने फक्त झीज मोजली आणि पकड मोजायची राहूनच गेली. त्या संध्याकाळी आम्ही चाकाला दोर गुंडाळून त्याला बादली टांगली. ठोकळा दाबून ठेवायचा आणि चाक हलेपर्यंत बादलीत माती टाकत जायचं. धावड्याची बादली अर्ध्याच्या आत चाकाला ओढून घेऊन गेली. बिज्याची काठोकाठ भरली तरी चाक हलेना, वर एक दगड ठेवावा लागला.

"बाई," मी म्हटलं, "उद्या साहेबांना हे सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. धावडा तोडून झालाय. शेड बंद करतील."

"अवलक्षण झालं तर माह्यं होईन," बाई म्हणाल्या. "बैल तर लालसूचा आहे ना."

दुसऱ्या दिवशी साहेब हार घेऊन आले. बाईंनी हार बाजूच्या खुंटीवर अडकवला. "साहेब, वजन बराबर आहे," त्या म्हणाल्या, "एक गुंज इकडची तिकडे नाई. पण सवाल अर्धाच इचारला आपण." आणि त्यांनी सगळं सांगितलं. साहेब मद्रासकडचे, भला माणूस, पण हंगाम डोक्यावर आलेला. "तो इतने महिने आप लोगों ने नापा क्या?" ते चिडून म्हणाले. "अब बिजा बोलोगे, बाद में तिसरा कुछ बोलोगे. इससे तो शेड बंद करना अच्छा."

"करा बंद," बाई म्हणाल्या. "पह्यले उतारावर चला."

सगळा डेपो उतारावर गेला. बैल सोडलेले, ओंडक्यांनी लादलेली गाडी चारही चाकांवर उताराच्या मधोमध उभी केली. चाकांपुढे अडसर म्हणून दगड लावले होते. धावड्याचा ठोकळा बसवून लालसूने स्वतःच्या हाताने दोरी आवळली. साहेबांनी त्याला विचारलं, याच्यावर तू तुझा बैल जुंपशील का? लालसूने त्या चकाकणाऱ्या ठोकळ्याकडे पाहिलं आणि आपल्या बोलीत एकच शब्द उच्चारला, "हिल्ले." नाही. मग दगड काढले. गाडी क्षणभर थबकली, कुईं असा आवाज झाला आणि ती हळू, मग जोरात, मग सुसाट निघाली आणि नाल्यात जाऊन आडवी झाली. पुढे बैल असते तर काय झालं असतं, ते कोणाला सांगावं लागलं नाही.

दुसरी गाडी लावली. तेवढंच ओझं, तीच जागा, तोच आवळणारा. ठोकळा बिज्याचा. दगड काढायच्या आधी बाई पदर खोचून ओंडक्यांवर चढल्या आणि पुढच्या टोकाला जाऊन बसल्या.

"बाई, उतरा खाली!" साहेब ओरडले.

"काऊन? ज्याचं वजन म्या केलं, त्याच्यावर म्या नाई बसायचं तर कोणी बसायचं?"

सगळे गलका करत होते. तेवढ्यात गर्दीतून गार्डभाऊ पुढे आले. हा माणूस आता बायकोला हाताला धरून उतरवणार, असं मला वाटलं. त्यांनी चपला काढून कडेला नीट ठेवल्या, ओंडक्यांवर चढले आणि बायकोच्या शेजारी जाऊन बसले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसतं थोडं सरकून त्यांना जागा केली.

दगड काढले. ठोकळा करकरला. गाडी बोटभर सरकली आणि थांबली. तिथेच, त्या उतारावर, ती उभी राहिली. वरून बाईंचा आवाज आला, "आता घ्या श्वास!" तेव्हा मला कळलं की आम्ही सगळ्यांनी, साहेबांनीसुद्धा, कोणी न सांगता श्वास रोखून धरला होता.

साहेबांनी शेड बंद केली नाही. तोडलेला धावडा कुऱ्हाडीच्या दांड्यांना गेला आणि हंगाम चार दिवस उशिरा सुरू झाला. बिजा धावड्यापेक्षा लवकर झिजायचा, पण किती खेपांनी किती झिजतो हे आम्हाला गुंजेपर्यंत ठाऊक होतं, म्हणून तो केव्हा बदलायचा हेही ठरवून देता आलं. बाईंनी सगळी पद्धत तोंडाने सांगितली आणि मी ती शेडच्या दारावर डांबराने रंगवली. आधी पकड बघा, मग झीज. ठोकळ्याला साक्षीदार ठेवा. वाळू एकदाच वापरा. तोच धोंडा टांगा. काट्यापाशी बोलू नका. शेवटी त्यांनी हट्टाने आणखी एक ओळ घालायला लावली, "या वाळूत लाह्या भाजू नये." साहेबांनी तिचं कारण विचारलं तेव्हा मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेलो.

पुढची दोन वर्षं बाई पेटी मांडीवर घेऊन गाडीने डेपोडेपोंवर हिंडल्या. एटापल्लीला गेल्या, सिरोंच्याला गेल्या. कुठेही गेल्या तरी काटा, धोंडा, वाळू आणि दंडक तेच. त्यांचं म्हणणं असं की आलापल्लीचा ठोकळा सिरोंच्यात घासला तरी तेवढाच झिजला पाहिजे, नाहीतर आपण घासतो कशाला? सिरोंच्याचे तेलुगू सुतार त्यांना "त्रासू अम्मा" म्हणू लागले. त्यांच्या भाषेत त्रासू म्हणजे काटा. बाईंना त्यात आधी 'त्रास' ऐकू आला, आणि चौकशी करून खात्री होईपर्यंत त्या त्यांच्याशी धड बोलल्यासुद्धा नाहीत. तिथल्या डेपोने आमच्याच फळीचा ठोकळा घासून पाठवला आणि त्याची झीज आमच्या आकड्याशी जुळली, त्या दिवशी बाईंनी सगळ्या शेडला पुरणपोळी वाढली. मी पुढे पुष्कळ मोठी माणसं आणि मोठी यंत्रं पाहिली, पण आपलं मोजणं दुसऱ्याच्या हातातही खरं ठरलं याचा इतका निखळ आनंद झालेला माणूस मला परत भेटला नाही.

मग माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी, गार्डभाऊ निवृत्त होऊन बिऱ्हाड चांद्याला हलवणार असल्याचं कळलं, म्हणून मी मुद्दाम गेलो. उतारावरून तोवर ट्रक धावत होते. शेडला कुलूप होतं. बाईंच्या केसांत चांदी आली होती, पण आवाज तोच. सामान न्यायला ट्रक मिळत असताना त्यांनी गाडी सांगितली होती, आणि गाडी घेऊन आला होता लालसू. जोडीला दोन पांढरे, तरणे बैल.

बाई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. "लालसू, तुहा तो तांबडा कुठी आहे रे?" त्यांनी विचारलं. "तो कोवळा होता तो?"

"घरी आहे ना बाई."

"घरी? काम नाई करत?"

"म्हातारा झाला. दात गेले. कोंडा भिजवून देतो त्याले." लालसू जोत बांधत म्हणाला. मग हात थांबवून, जरा लाजल्यासारखा हसला. "माह्या बापाचा बैल नाई झाला म्हातारा. आज्याचा बी नाई झाला. हा पह्यला."

बाईंनी गाडी चांद्याच्या रस्त्याला न लावता आधी लालसूच्या गावाकडे वळवायला लावली. कुडाच्या घरापुढच्या अंगणात तो तांबडा बैल बसला होता. रंग विटलेला, पाठीचा कणा वर आलेला, डोळे अर्धे मिटलेले. बाई त्याच्याजवळ उकिडव्या बसल्या, एका हाताने त्याचा जबडा उघडला आणि अंगठा आत घालून दातांच्या राहिलेल्या खुंटांवरून फिरवला, जसा त्या घासलेल्या ठोकळ्यावरून फिरवत तसा. दात हिरडीपर्यंत सपाट झाले होते. बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडावर एवढा अभिमान मी पाहिला नव्हता.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हे झीज बराबर आहे."